पश्चिमेची भिंत

धुळे, ४ एप्रिल
आजपासून मुक्काम या बंगल्यात. साठ-पासष्ट वर्षांपूर्वीचं घर: सपाट स्लॅब, लांब छज्जा, मोझॅकची फरशी, जाळीतून येणारा गार उजेड. कुठे खोटी कमान नाही, खांबांना फुलंपानं नाहीत. असं प्रामाणिक घर धुळ्यात दुसरं दाखवा! मालकीण पुष्पाबाई, सगळ्यांच्या अक्का, यांना एक खोली वाढवायची आहे. आर्किटेक्ट म्हणून माझी अट एकच: नवं जुन्यासारखंच हवं, इंचाचाही फरक नको. अक्का हसल्या. शब्द पाळशील ना पोरी, म्हणाल्या, आणि कळण्याची भाकरी वाढली.

१९ एप्रिल
पश्चिमेची भिंत तीन फूट जाड, पण आतून पोकळ. खानदेशचं ऊन अडवायला केवढी अक्कल! नव्या भिंतीतही तशीच पोकळी ठेवणार, मग दोन्ही आतून जोडणार. वना मिस्त्रीने चिडवलं, की ताई, एक माणूस मावेल इतली जागा शे, भाडेकरू ठेवता का? मी सुनावलं, की जे दिसत नाही तेही खरंच असलं पाहिजे. नाहीतर ते घर नव्हे, नाटकाचा पडदा.

२० मे
नवा स्लॅब तडकला. भेग थेट नव्या पोकळ भिंतीवरून गेली आहे. लोखंड, सिमेंट सगळं तपासलं, चूक सापडत नाही. अक्का शांत. जुनाही असाच तडकला होता म्हणे. मग सासऱ्यांनी घर बांधणाऱ्या इंजिनिअरसाहेबांना ठेवून घेतलं, तेव्हापासून केसाएवढी भेग नाही. साहेब किती दिवस राहिले, मी विचारलं. भाकरी थापता थापता म्हणाल्या, अजून आहेत.
म्हातारपण, दुसरं काय.

२६ मे, दुपार
गल्ली उन्हाने झोपली आहे. मी नव्या पोकळीत शिरले आहे, जुनीचं तोंड आतून फोडायला. तुझ्याच हाताने होऊ दे, असं अक्का म्हणाल्या.
तीन विटा काढल्या. आत चष्मा. मोजपट्टी. पट्टीभोवती बोटांची हाडं—
मागे थापीचा आवाज.

नंतर
मी शिरले ते तोंड वना विटांनी बंद करतोय. विटा ढकलून पाहिल्या. पलीकडून फळ्या टेकवल्या आहेत. ओरडले, तर म्हणतो, ताई, हालू नका, माल वल्ला शे.
अक्कांना हाक मारली. त्या अगदी मायेने म्हणाल्या, इंचाचाही फरक नको, तूच सांगितलंस ना पोरी.
एका विटेपुरता उजेड उरला. त्यात डोक्यावरची भेग दिसते.
ती मिटत—