सगळ्यात मोठं ऑर्किड कुठून मोजायचं

४ जानेवारी
…म्हणून फुलाची रुंदीच फायनल. फ्लॉवर शोचे सेक्रेटरी शेषाद्री सर, त्यांना पटवलं. ‘सगळ्यात मोठं ऑर्किड’ हा यंदाच्या स्पर्धेतला नवीन क्लास. रूल मीच लिहायचा, कारण तंजावुरात ऑर्किडचं एवढं वाचलेलं दुसरं कोणी नाही. माझ्या कॅटलिया ऑर्किडला कळी आहे. सहा इंच तरी फुलेल. कप माझाच. रूल मात्र एकदम फेअर.

९ जानेवारी, सकाळी
फूल उमललं. टेप आणायला आत गेलो, बाहेर आलो तर फूल गायब. शेजारच्या कनकलता मामींनी पूजेला तोडलं. कंपाउंडवरून आमच्याकडे वाकलेलं फूल आमच्या पिल्लैयारचं, म्हणजे गणपतीचं, म्हणाल्या. याच मामींचा गॅस सिलेंडर मी वर चढवतो.
नंतर विचार केला. रुंदी म्हणजे तसं बालिश माप. खरं माप वजन. टायगर ऑर्किड जंगलात टनभर भरतं. माझ्याकडे एक आहे. सरांना फोन. रूल बदलला.

१२ जानेवारी
तांदळाच्या दुकानात वजन केलं. अकरा किलो. सर फोनवर म्हणाले, कुंडी काढून. आठशे ग्रॅम. दुकानदारानं विचारलं, सांबारात घालणार का. स्वतःच्या झाडानंही साथ सोडली.
वजनात पाण्याचा फार घोळ. लांबी बेस्ट. व्हॅनिला हीसुद्धा ऑर्किडच, आणि वेलीत तिच्यापुढे कोण टिकतं. गच्चीवरची माझी चौदा फूट.

१८ जानेवारी
तिरुवैयारूच्या मामाची मुलगी हरिता मदतीला आली. आधी वेलीवर सुतळी लावायची, मग सुतळी मोजायची, ही माझी मेथड तिला शिकवली. तिनं दोनदा विचारलं, रूल आता बदलणार नाही ना. तिच्यासमोर सरांना फोन करून पक्कं केलं. माझ्या कामात किती इंटरेस्ट घेते.

२५ जानेवारी
घात झाला. आज शोच्या दारात हरिता ऑटोतून उतरली, पितळी परातीत व्हॅनिलाची वेल गुंडाळलेली. त्रेचाळीस फूट. माझ्याच सुतळीनं मोजली. दोन वर्षांपूर्वी मीच तिला वीतभर तुकडा दिला होता, तो नारळावर चढवला म्हणे. त्या दिवशी सुतळी धरून उभी होती, एक शब्द बोलली नाही. तू कुठे विचारलंस, म्हणते.
सरांना म्हटलं, परत रुंदी घेऊया. ते म्हणाले, कप हरिताच्या हातात आहे, तिला विचार. फोटोत तिच्या शेजारी कोण, तर माझी आई.

रात्री
पण तुकडा माझा होता. म्हणजे तिची वेल ही माझ्याच वेलीचं टोक, फक्त तिरुवैयारूत वाढलेलं. चौदा आणि त्रेचाळीस, सत्तावन्न फूट. तुम्हीच सांगा, कप कुणाचा?