रेतीवरचा पूल

मुक्काम धानोरा,
भादवा, १९५६

तीर्थरूप मनसारामभाऊले शालिकचा दोन्ही हात जोडून नमस्कार.

मी इथी खुशाल हाय. ताप उतरला, जेवण बरं भेटते.

कॉलेजनं मले इथला नवा पूल पाहाले पाठवलं. पुरात त्याचा मधला खांब कलला. पाण्यात उतरून पाह्यलं, तं पाया खडकावर नाई, निव्वळ रेतीवर! माझ्या वर्गातले पोट्टेही अशी चूक करत नाई.

ज्यांनी पूल बांधला ते इंजिनियरसाहेब आरामखुर्चीत पाय पसरून म्हणाले, "प्रोफेसर, दोष पुराचा होता असं लिहा. तुमच्या बढतीचं मी वर बोलतो."

मी म्हटलं, "आधी बायकापोरं घेऊन त्या पुलावर उभे राहा. मंग लिहितो."

माणूस खुर्चीतून हलला नाई. मंग मीच काटेरी फांद्या टाकून पूल बंद केला. बाजाराले जाणारे लोक मले शिव्या देत डोंग्यानं नदी पार करून गेले. परवा खांब खचला अन् पूल पाण्यात गेला. वर चिटपाखरू नव्हतं.

आता साहेब सांगून राह्यले का पूल त्यांनीच बंद केला. लोकांनी हारही घातला. असल्या लबाड माणसाच्या शब्दानं मिळणारी बढती मले फुकटही नको.

पाया रेतीवर होता हेच मी लिहून धाडलं; आता माझी नोकरी राहते का जाते, ते समजलं नाई. आईले सांगू नका. तिचा खोकला कसा हाय? तलावात मासोळी लागते का?

कॉलेजनं परत बोलावलं, पण मी थांबतो. लेकरं काखेत घेऊन बायका डोंग्यात बसतात, ते पाहवत नाई. उद्या नदीत उतरून नव्या पायासाठी खडक कुठी लागते ते शोधतो.

तुमचा धाकटा,
शालिकराम