खोलीत कोण कोण आहे

५ डिसेंबर १९८३, सोमवार
बसमधून उतरले तेव्हा पापण्यासुद्धा गोठल्या होत्या, पण मन खूश. काम मिळालं, आणि तेही ऊबेतलं. साखरबिटाच्या हंगामात पाठ मोडून घेतल्यावर वाचनालयाच्या तळघरात खुर्चीवर बसून पगार म्हणजे चैनच की. गावाचं नाव एल्मस्टाड. दोन चर्च, एक धान्याचं उंच कोठार, आणि एक उपाहारगृह, जिथं ॲपल पाय रबरासारखा असतो पण कॉफी मागाल तितकी. त्या पायचं सांगत बसले तर पान संपेल.

तर काम असं. सोळा वर्षांपूर्वी इथल्या टीव्ही केंद्रानं नाताळसाठी हलत्या चित्रांचा, गाण्यांचा एक कार्यक्रम केला होता. एक लंगडा हंस मुक्या घंटेला गायला शिकवतो. पार आमच्या नेब्रास्कापर्यंत दिसला होता तो. चित्रं शाबूत आहेत, आवाजाची फीत मात्र सडली. डबा उघडला की व्हिनेगरचा भपकारा. तेव्हा लोक टीव्हीपुढं टेपरेकॉर्डर ठेवून गाणी भरून घ्यायचे, म्हणून ऑर्व्हल, केंद्राचे जुने ध्वनितंत्रज्ञ, घराघरांतून त्या टेपा गोळा करतायत. चांगले तुकडे मी जोडायचे. अठराला, रविवारी दुपारी, सगळ्या गावाला दाखवायचं.

मग मी घरी. चार नाताळ चुकवलेत. आईला फोनवर सांगितलं, या वेळी नक्की. ती म्हणाली की तुझी वचनं बरण्यांत भरून ठेवली असती तर आपलं तळघर पुरलं नसतं.

७ डिसेंबर
सगळ्या टेपांची सुरुवात एकच. बाप घसा खाकरतो, सतरा डिसेंबर एकोणीसशे सदुसष्ट म्हणतो, मग खोलीत कोण कोण आहे ते. प्रत्येकानं आपापलं नाव बोलायचं आणि मग चिडीचूप. कसलं चिडीचूप! कुत्री भुंकतात, एक आजी हंसाला गाढव म्हणते. ऑर्व्हल म्हणाले की हंसाचा आवाज त्यांच्या मेव्हण्याचा, आणि घशाखाली दोन पेले उतरल्याशिवाय त्याला सूर सापडत नसे.

आज ब्रेक्केंची टेप जोडली. त्यांच्याच माडीवर मी भाड्यानं राहते. नवरा-बायको आणि दोन मुलगे, चार माणसं. टेपवर नावं पाच. शेवटचं एका लहान मुलीचं. ट्वायला.
माझंच नाव. शेजारची कुणी असेल.

९ डिसेंबर
आणखी तीन घरं, आणखी तीन टेपा. प्रत्येकीत सगळ्यांत शेवटी ट्वायला. तोच आवाज. पुढचे दोन दात पडलेल्या पोरीची नावात शीळ येते, तशी. एकाच वेळी चार घरांत एकच पोर कशी असेल?
त्या हिवाळ्यात माझे पुढचे दात पडले होते.
ऑर्व्हलना ऐकवलं. ते म्हणाले की त्यात काय नवल, तू कुठल्या घरात नव्हतीस, आमच्याकडे तर बिस्किटांचा डबा साफ केलास, बायको आठवडाभर बोलत होती. मी म्हटलं की मी सोमवारी पहिल्यांदा या गावात आले. ते म्हणाले की बरं बाई, तू म्हणशील तसं.
थट्टा करतायत. म्हातारे करतात.

११ डिसेंबर, रविवार
चर्चहून आल्यावर ब्रेक्केबाईंनी बटाट्याच्या गोड पोळ्या केल्या आणि माझ्यासाठी बुटकं स्टूल ओढलं. म्हणाल्या की तुला खुर्ची कधी मानवलीच नाही. दाराच्या चौकटीवर मुलांची उंची पेन्सिलीनं मांडलीय. दोघांच्या खुणांमध्ये तिसरी. ट्वायला, डिसेंबर ६७.
घरी फोन लावला. माझ्याकडे नाणी नव्हती, म्हणून पैसे तिकडून भरायचे तसला. ऑपरेटरनं नाव सांगितल्यावर आईनं ते पुन्हा विचारलं. मग घेतला. विचारते, कोणती ट्वायला?
मग हसली. म्हणाली की वय झालं गं. पण फोन ठेवताना मला बाळ म्हणाली नाही. मिस म्हणाली.

१३ डिसेंबर
सात टेपा जोडून झाल्या. सातही घरांत मी.
पुन्हा फोन. ऑपरेटर विचारत होती, मला ऐकू येत होतं. आई म्हणाली की या नावाचं आमचं कुणी नाही. पण पोरगी अडचणीत असेल तर देव तिचं भलं करो, म्हणाली. आणि ठेवला.

१४ डिसेंबर
एकेक टेप जोडते, तशी मी तिकडं घरातून पुसली जातेय.
ब्लेडनं माझं नाव सातही जागी कापलं. नखाएवढे तुकडे. शेगडीत टाकले. ऑर्व्हल रागावले, म्हणाले की लोक हंस ऐकायला येत नाहीत, स्वतःला ऐकायला येतात, आणि तू त्यांचं पोर कापून टाकतेस.
फोन लावला. तेच. आमचं कुणी नाही.
बाबांनीही टेप भरली होती. आईच्या कपाटात आहे, बाबा गेल्यापासून ती जपून ठेवते. त्यात मी माझं नाव सांगितलंय. ते ऐकलं की आई ओळखेल. ओळखायलाच हवी.
काम टाकून निघते.

१५ डिसेंबर, बसमध्ये
ब्रेक्केबाई थांब्यावर रडल्या. म्हणाल्या की नाताळात कुणी आपलं घर सोडून जातं का. मी त्यांचं पोर— नाही. नाही.

१६ डिसेंबर, दुपार
आईनं दार उघडलं. हसली. अनोळखी माणसाला हसतात, तसं.
थंडी आहे म्हणून आत घेतलं. कॉफी दिली. भिंतीवर माझ्या भावाचे फोटो. एकट्याचे.
टेप लावायची विनंती केली. हंसाच्या कार्यक्रमाचं काम करते, म्हटलं. ती खूश झाली.
बाबांचा घसा. तारीख. बाबा. आई. भाऊ. मग—
एका श्वासाइतकी जागा. रिकामी.
मग मागच्या दाराचा खटका. मीच ती. नाव सांगून पळाले होते, बर्फात, दुसऱ्यांच्या खिडक्या बघत हिंडायला—
आई म्हणतेय की हा खटका दर वर्षी ऐकतो आम्ही. घरातून कोण बाहेर गेलं, ते कधी कळलंच नाही.
हात थांबवत नाहीये. लिहितेय तोवर मी आहे—
आता ती कोट आणून देतेय. म्हणतेय की अंधार पडायच्या आत निघ, तुझी आई वाट बघत असेल. कुठलं गाव तुझं, विचारतेय. मी सांगणार आहे, इथलंच, याच घरातलं, मी तुझी—
तोंडात येतंय ते एल्म—