‘मे आय कम?’चे उत्तर

बाई, शालेय व्याकरणाच्या पुस्तकातले ‘मे, कॅन, मस्ट, शुड’ हे प्रकरण तपासत होते, आणि एका तक्त्यापाशी हात थांबला. डावीकडे परवानगी मागणारे प्रश्न आहेत, उजवीकडे उत्तरे मला भरायची आहेत. पहिलाच प्रश्न ‘मे आय कम इन?’ प्रकरण आज संध्याकाळपर्यंत छपाईला गेले पाहिजे. या ‘पाहिजे’चे इंग्रजी मस्ट की शुड, हे तुम्ही उरणच्या शाळेत खिडकीबाहेरचे मिठागर दाखवून शिकवलेत. “मीठ झाकलं पाहिजे. आभाळ भरून आलंय तर मस्ट. कोणी नुसतं सुचवतंय तर शुड.” निम्म्या वर्गाच्या घरी मीठच पिकत होते, दुसरे उदाहरण लागले नाही. आता तिथे कंटेनरचे ट्रेलर उभे असतात, आणि माझे उच्चशिक्षित सहकारी दोन्ही शब्दांना एकच अर्थ देतात. त्यांचे मजकूर मी परत पाठवते.

त्याच वर्गात मला पाणी प्यायला बाहेर जायचे आहे. मी उभी राहून ठसक्यात विचारते, “बाई, मे आय कम?” मागून आवाज येतो, “अगो, तू आतच हायस! आनखी कुठं येतंस?” वर्ग खिदळतो. तुम्ही डस्टर आपटता. “हसू नका. ‘मे’ तिने बरोबर वापरलं. तुम्ही अजून ‘कॅन’लाच लटकलायत.” मग मला म्हणता, “जायचंय ना? मग गो म्हण.” मी रडवेली होते. “‘जाऊ का’ म्हटलं की आई ओरडते, बाई. ‘येऊ का’च म्हणायचं.” तुम्ही डस्टर खाली ठेवता, आणि ‘गो’चा हट्ट सोडून म्हणता, “बरं. ये.”

पुढे मी परदेशी शिकायला निघाले, तेव्हा तुम्ही निवृत्त होऊन स्वयंपाकघरात सुक्या कोळंबीचे सोडे भाजत होता. निरोप घेताना दारातून मी थट्टेने म्हणाले, “मे आय कम, बाई?” “यू मस्ट,” तुम्ही तव्यावरची नजर न काढता म्हणालात. मी लगेच चूक काढली: ‘मे’च्या प्रश्नाला ‘मे’नेच उत्तर द्यावे. “शहाणे, जायला ‘मे’ पुरतं. परत यायला नाही पुरत.” त्यानंतर प्रत्येक भेटीत निघताना माझा प्रश्न तोच, तुमचे उत्तर तेच, आणि माझी दुरुस्तीही तीच.

शेवटच्या भेटीत तुम्ही अंथरुणावर होता. मी विचारले. तुम्ही हळूच म्हणालात, “यू मे.” वर्षानुवर्षे मी जे मागत होते ते निर्दोष उत्तर. परतताना मोरा बंदराच्या धक्क्यावर मुंबईच्या लाँचची वाट पाहताना कळले, की त्यात परत न येण्याचीही मुभा होती.

हे पत्र कुठे पाठवायचे नाही. प्रकरण तेवढे पाठवले. ‘मे आय कम इन?’ची ओळ मी गाळली. कोणी विचारलेच, तर पानावर जागा पुरली नाही असे सांगेन. जागा भरपूर होती, बाई.