पहिल्या हाकेला ओ देऊ नये, ही विनंती

डुलुथ, ९ जानेवारी

तीर्थरूप लुडविना आत्येच्या चरणी, तीनशे अठरा पौंड वजनाच्या भाच्याचा, गुडघे वाकत नसल्यामुळे उभ्यानेच घातलेला साष्टांग नमस्कार.

इकडे सगळं ठीक आहे. म्हणजे डावा गुडघा सुजला आहे, उजव्या हाताची तीन बोटं एकत्र बांधली आहेत (पेन्सिल त्यांतच खोचली आहे, तेव्हा अक्षराला हसू नकोस), आणि उरलेला मनुष्य डॉक्टरांच्या मते उत्तम आहे. तिकडे तुझी पाठ, चर्चमधला ऑर्गन आणि तपकिरी गाय या तिघांच्या तब्येती कशा आहेत ते कळव. थंडी पडली की तिघंही एकदमच कुरकुरायला लागतात, म्हणून एकत्र विचारतो.

तुझं कार्ड पोहोचलं. कार्डावर दोनच वाक्यं : ‘त्या मुलाला सांग, मला हाका मारायच्या नाहीत. फोन करू नये.’ खाली सही, आणि तीही पूर्ण नावाची, जसा काही मी विम्याचा एजंटच. मी तरी सात वेळा फोन केला. सातही वेळा तू उचललास, माझा श्वास ऐकलास आणि ठेवून दिलास. (माझा श्वास कुणालाही ओळखू येतो, हे कबूल. नाक चारदा मोडलंय.) म्हणून आता पत्र लिहितो. मधेच ठेवून द्यायला पत्र म्हणजे फोन नव्हे, आणि कागद वाया घालवणं तुझ्या रक्तात नाही, तेव्हा शेवटपर्यंत वाचशीलच.

आधी माझ्या धंद्याचं, म्हणजे या अमेरिकन फुटबॉलचं सांगतो, कारण सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. गेली अकरा वर्षं तू एकच प्रश्न विचारतेस, ‘रोमेक, ते लोक तुला चेंडू कधी देणार?’ त्यासाठी फादर झिग्मुंटना सांगून दोनदा प्रार्थनाही करवलीस. आत्या, मला चेंडू देत नाहीत आणि देणारही नाहीत. चेंडू ब्रॅक्स्टनचा. ब्रॅक्स्टन म्हणजे तो सोनेरी केसांचा, टीव्हीवर टूथपेस्ट विकतो तो. आम्ही पाच जाडे त्याच्यापुढे ओळीने वाकून उभे राहतो, आणि समोरचे जाडे त्याला आडवा करायला धावले की आम्ही मधे पडतो. एवढंच काम. नीट केलं तर कुणाला दिसत नाही. चुकलं की पंच शिट्टी फुंकतो आणि माझा नंबर, अडुसष्ट, सत्तर हजार माणसांना लाउडस्पीकरवरून ऐकवतो. (मागे तू दूधवाल्याला अभिमानाने सांगत होतीस, की आमच्या रोमेकचा नंबर एका दिवसात तीनदा पुकारला. आत्या, तो दिवस फार वाईट होता.)

हे मधे पडणं आता अंगात इतकं मुरलंय, की घरादारात त्रास होतो. डोरीनचं आणि माझं का फिसकटलं, असं तू गेल्या ईस्टरला विचारलं होतंस आणि मी मीठ मागून वेळ मारून नेली होती. झालं असं, की एका शुक्रवारी आम्ही मासे खायला गेलो. वाढपी भलाथोरला ट्रे घेऊन डोरीनच्या पाठीमागून, डाव्या अंगाने, जरा वेगात आला. मी काही ठरवून केलं नाही. तो, त्याचा ट्रे आणि अठरा तळलेले मासे पलीकडच्या टेबलावर बारशाचा केक होता त्यावर जाऊन पडले. डोरीन म्हणाली, ‘जेवायला आणलंयस की लढाईला?’ मी विचारलं, तुला धक्का लागला का? म्हणाली, नाही. मी म्हटलं, मग? त्यावर ती जी गेली ती गेलीच, आणि केकचे पैसे मी भरले.

असो. आता तुझ्या नावाचं. आम्हा पाचांना एकाच क्षणी हलावं लागतं आणि तो क्षण ब्रॅक्स्टनने एक शब्द ओरडून सांगायचा असतो. त्याआधी एक जण जरी हलला तरी शिट्टी, आणि अख्खा संघ पाच यार्ड मागे. जुने शब्द समोरच्यांना पाठ झाले होते, म्हणून ऑगस्टात नवा शब्द शोधायला बैठक बसली. कुणी ‘बटाटा’ सुचवला, पण बटाटा म्हटलं की आम्ही पाचही जण स्वयंपाकघराकडे बघतो, असं आढळलं. चर्चा लांबली. मला डुलकी लागली. आमचा कोच हाल्व्हर्सन याने टेबलावर मूठ आपटली आणि मी झोपेतच ओरडलो, ‘उठलो, लुडविना आत्या, उठलो!’ मग कोच म्हणाला, ‘या नावाने हा डोंगर जागचा हलतो. हेच घ्या.’ नियम असा ठरला, की पहिल्या ‘लुडविना’ला दगड होऊन बसायचं आणि दुसऱ्या ‘लुडविना’ला सुटायचं. तुझी परवानगी घ्यायला हवी होती, हे त्या खोलीतल्या एकाही शहाण्याला सुचलं नाही, त्यात मीही आलो.

पण आत्या, तुझं नाव लाभलं ग. बारा सामन्यांतले अकरा जिंकलो. एकदा समोरच्या संघातला एक राक्षस माझ्या नाकाला नाक लावून वाकला होता. त्याने हळूच विचारलं, ‘ही लुडविना कोण रे?’ म्हटलं, माझी आत्या. तो बोटभर मागे सरला. मग म्हणाला, ‘मलाही आत्यानेच वाढवलं.’ त्यानंतर दिवसभर त्याने मला आपटलं, पण हात राखून आपटलं.

मला वाटलं, आपल्या नावाचा हा गजर तू स्वतःच्या कानांनी ऐकलास तर सुखावशील. म्हणून तिसऱ्या रांगेचं तिकीट पाठवलं. इथे माझी अक्कल शेण खायला गेली होती, कारण तुला त्या शब्दाबद्दल मी काहीच सांगितलं नव्हतं (म्हटलं, गंमत होईल). शिवाय चेंडू आपल्याकडे असला की आपलेच प्रेक्षक चिडीचूप होतात, ब्रॅक्स्टनचा आवाज आम्हाला ऐकू यावा म्हणून. तर त्या शांततेत तो ओरडला, ‘लुडविना!’ आणि तिसऱ्या रांगेत तू, निळा कोट, काखेत पर्स, ताडकन उठून म्हणालीस, ‘आले, आले!’

अकरा वर्षांत मी वेळेआधी कधी हललो नव्हतो. पण तुझा आवाज ऐकून मी ताठ उभाच राहिलो. मी उठलो म्हणून उरलेले चौघे उठले. शिट्टी, अडुसष्ट, पाच यार्ड. पुन्हा ओळ लावली. ‘लुडविना!’ ‘आले म्हटलं ना! जरा दम धर की!’ पुन्हा शिट्टी, पुन्हा अडुसष्ट. तिसऱ्या खेपेला तू पायऱ्या उतरून कठड्याशी पोहोचली होतीस. रखवालदाराने हात आडवा केला, तर खांदा खाली घालून तू त्याच्या काखेखालून अशी काही निघालीस, की कोचने वहीत काहीतरी टिपून घेतलं. (मी या धंद्यात कुणावर गेलो, याबद्दल आता संघात कुणाला शंका नाही.) मैदानात येऊन तू थेट ब्रॅक्स्टनपुढे उभी राहिलीस.

‘काय रे? कशाला हाका मारत होतास?’

‘काही नाही, मॅडम.’

‘काही नाही? मग घसा कशाला फोडतोयस?’

बिचाऱ्याने हेल्मेट काढून हातात धरलं. तू त्याच्या तोंडाकडे बघत राहिलीस, आणि तुझा चेहरा एकदम उतरला. तेवढं मला दिसलं. मग पर्स सावरून, माझ्याकडे न बघता तू निघालीस आणि चारची बस पकडलीस. आम्ही तीन गुणांनी हरलो, पण ते तुला फादर झिग्मुंटनी सांगितलंच असेल.

तुझं कार्ड मी सगळ्यांना वाचून दाखवलं, हे मात्र फार चुकलं. ब्रॅक्स्टन चांगल्या घरचा आहे. तो म्हणाला, ‘बाईंनी नको म्हटलंय ना? मग मी नाही ओरडणार.’ बुधवारी सरावाला ‘बटाटा’ लावून पाहिला. आम्ही पाचही जणांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं, आणि ब्रॅक्स्टनच्या अंगावरून चार माणसं गेली. गुरुवारी कोचने मला खोलीत बोलावलं. म्हणाला, ‘रोमेक, तुझं वय चौतीस आणि गुडघे सत्तरीचे. पुढच्या रविवारी हरलो तर हंगाम संपला, आणि तूही संपलास. मला तो शब्द परत आणून दे.’ मी खोटं कशाला बोलू, आत्या, मला भीती वाटते. मला दुसरं काही येत नाही. मधे उभं राहणं सोडून जगात मी काय करू शकतो, याचा मी काल तासभर विचार केला आणि कागद कोराच राहिला.

तरी तुझं नाव रविवारपुरतं वापरायची परवानगी द्यावी, ही हात जोडून विनंती. (तीन बोटं बांधलेली असल्यामुळे हात नीट जुळत नाहीत, भावना समजून घे.)

तुझा आज्ञाधारक,
रोमेक

ता. क. सोबत कोचने टाइप केलेला कागद आहे. त्यावर सही करून पाठव. मजकूर एवढाच : ‘मी सामन्याला येणार नाही. आल्यास पहिल्या हाकेला ओ देणार नाही. दुसऱ्यालाही नाही.’ कोचला दुसऱ्या हाकेची जास्त धास्ती आहे.

आणखी एक. रखवालदाराकडे राहिलेला तुझा सॉसेजचा डबा मी सोडवून आणला. डबा परत करीन. सॉसेज चांगले होते.

पाकीट चिकटवलं होतं, पुन्हा फाडून उघडलं आहे. आत्या, मी गाढव आहे. आत्ता इथे खाली पार्किंगमध्ये एक म्हातारा आपल्या बायकोला हाक मारत होता. एकदा मारली, थांबला, मग पुन्हा मारली. तेव्हा कुठे मला उमगलं. काझिमीर आतोबा गोठ्याच्या दारातून तुला अशीच हाक मारायचे, आणि तू खिडकीतून ‘आले, आले’ म्हणायचीस. ते जाऊन एकोणीस वर्षं झाली. गावात तुला कुणी आत्या म्हणतं, कुणी ऑर्गनवाल्या बाई म्हणतं. नावाने हाक मारणारं कुणी उरलंच नाही, आणि मी मात्र तू ब्रॅक्स्टनला जाब विचारायला आली होतीस असं समजून पंधरा दिवस सगळ्यांना हसून सांगत सुटलो. माझी मलाच लाज वाटते.

कोचचा कागद चुलीत घाल. परवानगी द्यायची की नाही ते तू ठरव, पण दिलीस तर रविवारी ये, तिकीट पाकिटात आहे. ब्रॅक्स्टन विचारत होता, ‘लुडविनाबाई’ म्हणू का? मी सांगितलं, नुसतं नावच घे, आणि मोठ्याने घे. आणि तुझ्या तोंडून ‘आले’ निघालं तर ते गिळू नकोस. मी उठून उभा राहीन, ते माझा नंबर पुकारतील आणि आमचे पाच यार्ड जातील. जाऊ देत. गोठ्याच्या दारापासून तुझ्या खिडकीपर्यंत याहून जास्त अंतर होतं.