पुलावरची रेल्वे आणि घाटाखालची सोयरीक

१२ नोव्हेंबर
घ्या! दरीवरच्या नव्या मोठ्या पुलावर रस्त्यासोबत रेल्वेही घ्यायचं घाटतंय म्हणे. म्हणजे कोकणच्या बंदरावरचा माल थेट आमच्या भोरला. मग मार्गासनीचा तांदूळ महाडला न्यायला माझा ट्रक कोण बोलावणार? गेनबाचे दोन ट्रक, तो तर पेटलाच — "मानसिंगराव, ट्रकवाल्यांच्या संघटनेचं अध्यक्ष तुमी. रेल्वेच्या सुनावणीत इरोध तुमीच करायचा!" करतोच!

१४ नोव्हेंबर
आमच्या शेफालीनं आईला, रतनला, पुढं घातलं. महाडचा इंद्रजित, तिथं गोदाम सांभाळतो — लग्न त्याच्याशीच. पोरगा लाखात एक, मी बघितलाय. तरी नाही म्हणालो. पावसाळ्यात घाट बंद! पंचमीला पोरगी माहेरी कशी येणार?

१५ नोव्हेंबर
जेवताना शेफाली म्हणते, "आबा, पुलाच्या पुढं रस्ता परत घाटातच. पन रेल्वे बोगद्यातनं जानार. दरड पडू दे न्हाईतर पाऊस, म्या पंचमीला हितं!"
मी ताटावरून उठलो.

१९ नोव्हेंबर
रेल्वे झाली तर धंदा बसतो, नाही झाली तर पोरगी रुसते. रतन सरळच विचारते — "तुमाला गाडी मोठी का प्वार?" हा काय प्रश्न झाला!

२ डिसेंबर
भोरला सुनावणी. विरोधाचं भाषण तोंडपाठ होतं. उभा राहिलो आणि तोंडातून निघालं, "रेल्वे पायजेच!" गेनबा आ वासून बघतोय. मग सावरायला लागलो — पावसाळ्यात कांदा ताडपत्रीखाली सडतो, बंदरावरचं खत मुंबईकडून वळसा घालून येतं, त्या भाड्यात शेतकरी मरतो... सगळं खरंच की! बोलता बोलता माझं मलाच पटलं. टाळ्या पडल्या. गेनबा मात्र निघून गेला.

१९ जानेवारी
रेल्वे आराखड्यात आली! व्हायला वर्षं लागतील, लागू देत. महाडला जाऊन सुपारी फोडली. विहीणबाई मोठ्या हौशी. आग्रह करकरून मोदक वाढले.

८ फेब्रुवारी
इंद्रजित आलाय. "आबा, रेल्वे झाली की माल भोरलाच उतरणार. लोक आत्तापासून जागा धरतायत. मीही इथंच गोदाम टाकतो, इथंच राहतो. गोदामातून गावोगाव न्यायला तुमच्या संघटनेचे ट्रक." गेनबानं त्याला मिठीच मारली! शेफाली आता भोरमध्येच. रतनला साखर वाटू का पेढे, असं झालंय.

९ फेब्रुवारी
सकाळीच विहीणबाईंचा फोन. "दादा, रेल्वेला अजून वर्षं आहेत. ऐन गणपतीत घाट बंद झाला, तर माझा इंदर घरी कसा यायचा हो?"
"पोरगा तुमचाच हाय," एवढंच म्हणालो. माझाच पंचमीचा प्रश्न त्यांच्या तोंडी ऐकून मलाच रडू फुटलं.