कपाटातले बूट

ता. ९ जानेवारी

ती. दादास सा. न. वि. वि.

बाबा जाऊन दीड महिना झाला. रडू येत नाही, म्हणून कामं काढते. घरमालकाला दुकान रिकामं हवं होतं, ते काल करून दिलं. काचेचं कपाट घरी आणलंय. त्यातले सहाही जोड पुसून चादरीत गुंडाळून ठेवलेत. बाबांच्या हातचं तेवढंच उरलं. बाकी सगळा पसारा, तो हळूहळू निकालात काढतेय.

माझ्या उजव्या बुटाचा तळ गेलाय. तो पाय दोन बोटं आखूड आहे हे गल्लीत कुणाला ठाऊक नाही, ही बाबांची करामत. आता ती तुझ्याकडे. कारखान्यात टाचा ठोकून ठोकून हात विसरला नसशील, तर उन्हाळ्यात येऊन एक जोड करून दे. वहिनीला नमस्कार. लोभ पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी ठकू

ता. १७ जानेवारी

चि. ठकूस अ. उ. आ.

अगं वेडे, कपाटातले बूट बाबांनी ठोक बाजारातून आणले होते. गिऱ्हाईक चकाकी बघून आत येतं, म्हणायचे. त्यातल्या एकालाही त्यांचा टाका नाही. खुशाल वाटून टाक.

जपायची ती दुकानाच्या माळ्यावरची गोणी. तिच्यात पायांचे लाकडी साचे आहेत, चामड्याचे तुकडे ठोकून कुरूप झालेले. गिऱ्हाइकागणिक एक, तुझे मात्र एकोणीस. लहानपणी तू पायाला हात लावू द्यायची नाहीस, म्हणून तू झोपलीस की माप घ्यायचे. पुढे जुन्या बुटाची झीज बघून साचा तासायचे. त्यांची नजर मला नाही. साचा समोर असेल तर जोड नक्की जमेल. सुट्टी मागितली आहे. तब्येतीला जप, आणि दुकान सोडून कारखान्यात गेलो म्हणून माझ्यावरचा राग धरून ठेवू नकोस.

तुझा दादा

ता. २८ जानेवारी

ती. दादास सा. न. वि. वि.

गोणी घरी आणली होती. थंडी फार होती, म्हणून दहा-बारा दिवस शेगडीत ते साचेच जाळले. लाकूड छान वाळलेलं होतं, धूर झाला नाही. काही अगदी लहान होते, ते पेटवायला बरे पडले. ते माझे असतील असं मनातही आलं नाही. बाबा माझे बूट माप न घेता नुसत्या नजरेने करतात, असं मी सगळ्यांना कौतुकाने सांगत असे. तुझं पत्र वाचून राख चाळली. खिळे निघाले.

साचा नाही, तरी तू ये.

बूट बाजारातल्या दुरुस्तीवाल्याला दिला होता. जुना तळ जाड नि वाकडा आहे म्हणत त्याने तो काढून टाकला आणि चकचकीत, सरळ तळ बसवून दिला. घरी येताना शेजारणीने विचारलं, पायाला काय झालं. मी सांगितलं, जन्मापासूनच आहे.

तुझी ठकू